घरात कुणाला?

१४ मार्च, शनिवार

प्रिय मामा,

नमस्कार. चौदा वर्षांनी लिहिताना खरं तर 'तुम्ही' म्हणायला हवं, पण जीभ वळत नाही, तेव्हा तूच. मी तुझी भाची, बिट्टी. तूच ठेवलेलं नाव. आता तेवीस वर्षांची घोडी झाले आहे. तुझा पत्ता आईच्या वहीत 'गॅसवाला' या नावापुढे सापडला. दर रविवारी दार लावून ती गॅसवाल्याशी फोनवर तासभर काय बोलते, ते तेव्हा कळलं.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड थकत नाही. मी दात बनवते. म्हणजे डॉक्टर जबड्याचं माप पाठवतात, त्यावर आम्ही कवळ्या घडवतो. हात चांगला आहे, असं मला काम शिकवणारे उस्ताद म्हणतात. तेही क्वचित.

पण भित्री आहे रे मी. लहानपणी होते त्याहून जास्त. कामावरचा फोन वाजला की वाटतं, माझीच कवळी कुणाला बसली नसणार, आता सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी निघणार. शेजारच्या टेबलावर लंबू बसतो. त्यानं एकदा जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर सिगारेट पुढे केली. म्हणाला, "ओढ गं, हात थरथरायचे थांबतील." आत गांजा होता. मला माहीत होतं, उगाच त्याच्यावर ढकलत नाही. तीन झुरके मारले आणि मामा, आयुष्यात पहिल्यांदा माझं डोकं गप्प बसलं.

लंबू शनिवारी मजेत ओढतो आणि विसरून जातो. मी सोमवारपासूनच शनिवारची वाट बघायला लागले. मग वाट बघणंही सोडलं. आठ महिने रोज ओढला. नाही ओढला तर भीती दुप्पट, आणि ओढला तरी...

ते सांगायलाच तर बसले होते, आणि अर्धा कागद आईच्या गुडघ्यांवर घालवला.

मंगळवारी कॉम्प्रेसरनं माझं नाव घेतलं. आमच्याकडे हवेचं ते यंत्र दिवसभर घरघरत असतं. त्या घरघरीत स्पष्ट, 'बिट्टी, बिट्टी'. मी उठून बटण बंद केलं. उस्ताद ओरडले, "अगं, काय करतेस?" घरघर थांबली. नाव थांबलं नाही.

मला लगेच तू आठवलास. मी नऊ वर्षांची होते. तू रेडिओ खोलून पसरला होतास आणि मला विचारलंस, "बिट्टे, तुलाही ऐकू येतंय ना?" मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. तुला बरं वाटावं म्हणून मी 'हो' म्हणाले. केवढा खूश झालास! त्याच संध्याकाळी तू घरातून निघून गेलास आणि तीन दिवस सापडला नाहीस. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

परवा डॉक्टरांकडे गेले. बाई चांगल्या आहेत. गांजाचं सगळं खरं सांगितलं, आवाजाचंही. त्यांनी विचारलं, "घरात कुणाला मानसिक आजार आहे का?" मी फटकन 'नाही' म्हणाले. मामा नोकरीसाठी लांब असतो, हे आईनं इतकं घोकून घेतलंय. त्या म्हणाल्या, "नक्की ना? असेल तर गांजा तुला इतरांपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचा आहे." मी मान हलवली, बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

सोमवारी परत जायचंय. तुझं सांगणार आहे. आई कदाचित माझं तोंड बघणार नाही. आधी तुला विचारायला हवं होतं, पण उत्तर येईपर्यंत थांबायचा धीर नाही. मंगळवारपासून गांजा ओढलेला नाही, अक्षर बघतोसच.

मामा, तुझं कसं सुरू झालं? आधी आवाज आला, की आधी अशीच भीती? मला धीर देऊ नकोस. मी तुला एकदा दिला होता, तसला तर नकोच. खरं काय ते लिही.

तुझ्यासारखी होईन म्हणून घाबरलेली, आणि हे तुलाच लिहिताना शरमेनं मेलेली,

तुझीच
बिट्टी