भिंतीकडेची पावलं

प्रिय ताई,

तुझा फोन भावोजी बघतात, म्हणून हे पत्र वकीलबाईंकडे ठेवतेय. तू त्यांच्याकडे येतेस की नाही, हेही त्या सांगेनात. "आलं कुणी, तर देईन," एवढंच म्हणाल्या. तोंड कसं मिटून ठेवावं, ते मला आज कळलं.

आमच्या कलाकारांच्या गटाने कचेरीच्या लांब व्हरांड्यात फरशीखाली सेन्सर बसवलेत. कुणी चाललं की भिंतीच्या कडेने पावलापावलाला दिवे लागतात, प्रत्येक माणसाला वेगळ्या रंगाचे, आणि दिवसभर तसेच राहतात. कॅमेरा नाही, नाव नाही. आपल्या नकळत आपलं किती काही मागे उरतं, ते लोकांना दिसावं, एवढाच हेतू. दार वाजवल्याशिवाय आत शिरू नये, दुसऱ्याच्या पिशवीत डोकावू नये, हे लहानपणी तूच मला शिकवलंस. तेच आता मी गावाला शिकवतेय, अशी माझी समजूत.

काल उद्घाटनाला आईही आली होती. एक आजोबा म्हणाले, "ठिपक्यांवरून माणूस ओळखणार? कपाळ!" मला राहवलं नाही. सकाळपासून एक निळी चाल माझ्या डोळ्यांत भरली होती: डावं पाऊल पूर्ण, उजवं नुसतं टेकलेलं. पाय मोडला तेव्हापासूनची तुझी चाल. मला वाटलं, तू गुपचूप माझं काम बघायला आलीस. "ही माझी ताई!" मी सगळ्यांदेखत म्हणाले. टाळ्या पडल्या. मी फुशारले, ताई.

आई मात्र निळ्या दिव्यांच्या मागोमाग चालत गेली. ते वकीलबाईंच्या, घटस्फोटाचा सल्ला देणाऱ्या खोलीच्या दारात संपत होते. मी तिथवर पाहिलंच नव्हतं. "ही तर म्हणते, घराबाहेर पडायला सवड नाही," आई पुटपुटली. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आई वाईट नाही, घाबरट आहे. आज सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात तिने भावोजींना फोन केला. "तुम्हीच तिला समजवा," असं म्हणाल्याचं तिनेच मला नंतर सांगितलं. म्हणजे त्यांना सगळं कळलंय, आणि तू बाहेर पडलीयस म्हणून ते घरी तुझी वाट बघतायत. दिवे मी काढायला लावले, पण त्याने तुझं काय होणार? माफी मागायला हे लिहीत नाही, तेवढं तोंड मला उरलेलं नाही. पाकिटात माझ्या मैत्रिणीच्या रिकाम्या खोलीची किल्ली आहे. पत्ता बाईंना दिलाय, आईला नाही. मी नको असेन तर येणार नाही. पण ताई, इथून त्या घरी जाऊ नकोस.

तुझीच, तोंडाळ
धाकटी