मालकाच्या रकान्यातलं नाव

बाबा, तुमचं गादीचं दुकान वाचलं. हे आधीच सांगून टाकते, लांबण लावलेली तुम्हाला आवडत नसे.

टाळेबंदीत लग्नं थांबली आणि आंदणाच्या गाद्यांचं काम एका दिवसात बसलं. लग्नं पुन्हा सुरू झाली, तोवर लोक फोमच्या गाद्यांना सरावले होते. जुना कापूस पिंजून घेणारी माणसं तेवढी उरली आणि आपलं पिंजायचं यंत्र अखेरच्या घटका मोजत होतं. धाकट्याने ते न्यायला भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं. छोट्या धंद्यांना नव्या यंत्रासाठी सरकारी मदत मिळते, हे मी पेपरात वाचलं. त्याला म्हटलं, अर्ज मी करते, तू आठ दिवस थांब. तो म्हणाला, "काहून डोकं लावून राह्यली ताई? आता कोन पिंजते कापूस?"

आठ दिवसांचे चार महिने झाले. अर्ज तीनदा परत आला. एकदा फोटो जुना, एकदा शिक्का पुसट. मदत जाहीर करताना यांचे फलक चौकाचौकात, आणि द्यायची वेळ आली की एक खिडकी, तीही जेवणाच्या सुट्टीत बंद. तिसऱ्यांदा तिथल्या बाबूने मान वर न करता सांगितलं, "लायसन मालकाच्या नावानं आहे. मालकाले घेऊन या, बाई."

"मालक बारा वर्षांपूर्वी वारले."

"मंग दरसाल रिन्यू कोन करून राह्यलं?"

त्याचं उत्तर मी दिलं नाही. म्हटलं, "आणते मालकांना. पण ते आले तर आधी तुमच्या खुर्चीची गादी उसवून बघतील." रांगेतली माणसं हसली, तोही हसला, आणि मग कुठे त्याने कोणकोणते कागद लागतात ते नीट लिहून दिलं.

परवा नवं यंत्र सुरू झालं. पहिलं गिऱ्हाईक झरीकडची एक बाई, आईची गादी घेऊन आलेली. आपला कापूस बदलला जाऊ नये म्हणून ती यंत्रासमोरच बसली. तशीच एक म्हातारी मला आठवली. मी चौदा वर्षांची आहे, कॉन्व्हेंटच्या गणवेशात गल्ल्याशी बसले आहे, आणि तिला म्हणते आहे, हा काळा पडलेला कापूस फेका, नवा घ्या. तुम्ही तिच्यादेखत मला उठवता. "तुले इंग्रजी येते, कापूस नाही येत. त्यांना पाणी आणून दे." मी रागाने पाणी आणते. तासाभराने तोच कापूस गुडघाभर फुगलेला असतो, आणि म्हातारी त्यात हात घालून बसलेली.

परवाच्या बाईनेही तसाच हात घातला. पाणी मी न सांगता आणलं. त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला शांत झोप लागली.

आता त्या बाबूच्या प्रश्नाचं उत्तर. दरसाल तो फॉर्म मीच भरत होते. तुम्ही गेल्यावरही मालकाच्या रकान्यात तुमचंच नाव, माझ्या त्या वळणदार कॉन्व्हेंटी अक्षरात. धाकटा न वाचता सही करायचा. खिडकीशी भांडत होते तेव्हाही चूक कुणाची, हे मला ठाऊक होतं. यंदा धाकट्याचं नाव लिहिलं.

हे पत्र खणात ठेवते, तुमच्या नावाच्या जुन्या लायसनखाली. ते खिडकीवर जमा करायला सांगितलं होतं. मी हरवलं म्हणून लिहून दिलं.