सुलटा शनिवार

अकोला,
ता. ६ फेब्रुवारी १९३७

प्रिय सिंधू,

रमाचा नमस्कार घे. आम्ही सगळी इथे खुशाल आहोत. तुझं, काकूंचं आणि अमरावतीच्या आपल्या वाचनालयाचं कसं काय, ते कळव. तुझी कार्डं पोचली. उत्तर दिलं नाही म्हणून तू मला नावं ठेवली असशील, ठेव. आळस नव्हता. काय होतं ते जमलं तर पुढे लिहिते.

ह्यांची वकिली बरी चालली आहे. निवडणुकीमुळे गावात रोज कुणाचं ना कुणाचं व्याख्यान असतं, हे ऐकून येतात आणि जेवताना सांगतात. माणूस स्वभावाने अगदी गरीब. पण पुस्तकाबद्दल काही म्हटलं की नुसती मान डोलावतात. सिंधू, मान डोलावणाऱ्याशी भांडायचं कसं गं? परवा ह्यांच्या कपाटात स्थानिक स्वराज्यावरचं एक पुस्तक सापडलं. तिसऱ्या प्रकरणात लेखक म्हणतो, खेड्यातला माणूस पंचायतीत बसला की आपपरभाव विसरतो. म्हटलं, या गृहस्थांना एकदा नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात उभं करा, ते प्रकरण स्वतःच फाडून टाकतील. "बरोबर आहे तुझं," हे म्हणाले आणि पान मागितलं. तू असतीस तर "तू कधी पंचायत पाहिलीस गं शहाणे?" म्हणून माझी पार फजिती केली असतीस. त्या फजितीसाठी जीव तळमळतो माझा.

आपल्या वाचनालयातल्या दुर्गाबाईंचा नियम मी इथल्या बायकांना सांगितला तर त्या हसल्या. पुस्तक परत करणारीने एका शनिवारी आपल्या मताच्या उलटी बाजू मांडायची, आणि पुढच्या शनिवारी सुलटी! त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. थट्टाच झाली म्हणा माझी. कुटुंब आणि कायद्यावरच्या त्या जाड पुस्तकावर मी उलटी बाजू मांडत होते, विधवेला वाटा दिला की घर फुटतं म्हणून घसा फोडून सांगत होते, आणि तू मागे हसू दाबायला खोकत होतीस. त्याच दिवशी सासूबाई मला पाहायला वाचनालयात आल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले आणि बाबांना म्हणाल्या, "पोरगी हिरा हाये. मले अशीच पाह्यजे." पुढच्या शनिवारी माझा साखरपुडा होता. "ते माझं मत नव्हतं हो," असं मी बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लग्नात मत कोण विचारतं?"

तुझ्या प्रत्येक कार्डात एकच प्रश्न असतो: सुलटा शनिवार कधी? म्हणून तर उत्तर देत नव्हते. आई गेली तेव्हा मी केवढी होते, तुला ठाऊक आहे. इथे सासूबाई मला पुढ्यात बसवून वेणी घालतात, बाळापूरच्या वाटेवर आमचा मळा आहे, तिथली शेवंती माळतात आणि आल्यागेल्याला सांगतात, "सून शिकेल हाये मायी, पण मतं सोळा आणे जुनी." त्यांचे हात डोक्यावरून फिरत असताना तोंड उघडवत नाही गं. खोट्या नावावर का होईना, आई मिळाली आहे.

आता पंचाईत अशी, की रथसप्तमीला आमच्याकडे मोठं हळदीकुंकू आहे. विधवेच्या वाट्याचं बिल दिल्लीत निघालं आहे ना, त्यावर मी "तेच भाषण" करावं असं सासूबाईंनी गावभर सांगून ठेवलं आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई, गोदावहिनी, विधवा आहेत. त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातच असणार. बाहेर येऊ नका, हे त्यांना सांगावं लागत नाही. पण दार उघडं असतं आणि ऐकू सगळं येतं. काल पीठ मळता मळता त्याच म्हणाल्या, "रमे, मायासाठी काई बोलू नको. तुले इथं दिवस काढाचे हायेत."

मला एकदा तुझ्याशी बोलायला मिळालं असतं तर!

तुझी,
रमा

—

अकोला,
ता. १९ फेब्रुवारी १९३७

प्रिय सिंधू,

बोलले.

आधी उलटी बाजू मांडली, अगदी दुर्गाबाईंच्या शिस्तीने. सासूबाई सगळ्यांकडे कौतुकाने पाहत होत्या. मग म्हटलं, "ही झाली दुसऱ्यांची बाजू, आता माझी ऐका." नवरा गेला म्हणून ज्या बाईचं घर जातं, तिचं घर मुळात कधी होतं का, एवढंच विचारलं. मळ्यात अर्धी मेहनत जिची, तिने लुगड्यासाठी दिरापुढे हात का पसरावा, तेही विचारलं. पुस्तकातलं एक वाक्य आठवेना. समोरचंच बोलत गेले. एक बाई सासूबाईंना म्हणाली, "काहो माणिकबाई, सून इलेक्शनले उभी राहून राहिली काय?" आणि सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. आत गोदावहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

बायका गेल्यावर सासूबाईंनी मला जवळ बसवलं.

"हे तुयं खरं मत हाये?"

"हो."

"मंग तवा काहून तसं बोलली?"

मी त्यांना नियम सांगितला, उलटा शनिवार, सुलटा शनिवार, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हंजे म्या दुसरीच पोरगी पसंत केली," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

हे मला म्हणाले, "आईला दुखवायला नको होतंस." लग्न झाल्यापासून माझं म्हणणं ह्यांनी पहिल्यांदा खोडलं, आणि मला भांडता आलं नाही. गोदावहिनींनी माझ्या ताटात न मागता दुसरी भाकरी वाढली. सासूबाईंना काही सांगायचं असलं की आता गोदावहिनींकरवी निरोप येतो.

मी बोलले त्याचा मला पस्तावा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण सिंधू, ज्या दुसऱ्या पोरीला त्यांनी पसंत केलं, तिचे या घरात फार लाड झाले. तिचा मला हेवा वाटतो.

तू ये. बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकड आणि ये. मी चुकले असं वाटत असेल तर तसं तोंडावर सांग, वाटेल तेवढं भांड माझ्याशी. मला पाहून आनंद होईल असं एक तरी माणूस या उंबरठ्यात उभं राहिलेलं मला पाहायचं आहे.

तुझी, जशी आहे तशी,
रमा