माहेरचं नाव

अकोला
ता. ११ फेब्रुवारी २०२५

चि. आचल हिले आजी दुर्गाबाईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. फोनवर मले अर्धं ऐकू येते अन् अर्धं मी मनानं भरते, मनून लिहून राहिली. चौथी पास बाईचं अक्षर हाय. घरात वाचजो, अमरावतीच्या त्या विद्यापीठात दाखवत फिरू नको.

थे इंग्रजी मासिक उलटंपालटं करून पायलं. ना चित्र, ना लोणच्याची रीत, ना एखादं कोडं. तू संग चिठ्ठी जोडली की कामधंदा अन् मालक-मजुराचे संबंध या गोष्टीवर जगभरातले शिकलेले लोक यात लिहितात, अन् तीन महिन्यातून एकदा निघते. मालकाचे अन् मजुराचे संबंध! आमच्याकडे संबंध मनलं की सोयरीक. कोणत्या मालकानं आमच्याशी सोयरीक केली बापा? तुह्या बापानं पह्यले तुझं नाव शोधलं, मंग इचारलं हे वाचते कोण. मी मनलं, पोरीचे गुरू वाचतात, पोरगी वाचते, अन् आता मी. झाले ना तीन.

तुझा लेख मराठीत करून पाठवला हे मात्र बरं केलं. काल दुपारी शेजारच्या चंदाच्या ओट्यावर बसून डाळमिलच्या बायांले वाचून दाखवला. उन्हाळ्यात कशा तापतात पत्रे, भुसा कसा नाकात जाते, मुतायले जायचं तरी मुकादमाले कसं इचारा लागते, हे तू सगळं लिहिलं. बाया हसल्या. मनल्या, हे तर आमाले माहीत हाय, हे छापलं कायले? मी मनलं, ज्याइले माहीत नाही त्याइच्यासाठी.

गल्लीतल्या करिश्माचा हात मशीनच्या पट्ट्यात गेला थो भाग आला तवा हसणं थांबलं. मिलवाले अजूनही मनतात की थे पोट्टी कामावर नव्हतीच, मावशीचा डबा द्याले आली होती. तू लिहिलं की थे तिथं डाळ निवडाले होती, पट्ट्यावरची जाळी मुकादमानंच काढून ठेवाले सांगतली होती, अन् हे एका बाईनं जवळ उभं राहून पायलं. त्या बाईचं नाव तू गोकुळा लिहिलं. बाया मनल्या, गोकुळा कोण वं? आपल्यात तर कोणी नाही. मी मनलं, खोटं नाव हाय, अशा कागदात खरं घालत नाहीत. चंदा वाती वळत बसली होती. तिनं मान वर केली नाही. पायलं कोणी, थे तुले मले माहीत हाय. बाकीच्याइले माहीत व्हाचं कारण नाही.

ता. १४

पत्र टाकाचं राहून गेलं होतं, आता लंबं झालं. चंदाले कामावरून काढलं. कोण्या तरी बाईनं तुह्या लेखाचे फोटो मोबाईलवर घेतले, थे फिरत फिरत मुकादमापाशी गेले. थो मुकादम खुशालराव सकाळी गेटवर उभा होता. सगळ्या बाया आत सोडल्या. चंदा आली तर हात जोडून मनते, गोकुळाबाई, आजपासून तरास घेऊ नका. त्याच्या तोंडावर हसू होतं मनते चंदा.

आता मले सांग, त्या नावात असं काय होतं? अन् थे तू आणलं कुठून?

कोरडा राग नाही, आशीर्वादही हाय. पण उत्तर लवकर दे.
तुही आजी

◆

अमरावती
ता. १८ फेब्रुवारी

ती. आजीस आचलचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र कालच मिळालं. तेव्हापासून मी जेवले का, असं विचारू नकोस.

ते नाव मी आणलं नाही, आजी. आमच्या कामात रीत अशी की ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं खरं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. बरेच जण आपल्याच मनानं एखादं नाव ठोकून देतात. मला ते आवडत नाही. माणसाचं बोलणं घ्यायचं आणि नावही आपणच ठेवायचं, हे मला बरं वाटेना. म्हणून मी प्रत्येकीला विचारलं की तुम्हाला कोणतं नाव हवं. कोणी देवीचं सांगितलं, एकीनं सिनेमातल्या बाईचं सांगितलं. चंदाकाकू म्हणाल्या, गोकुळा लिही. मी लिहिलं. का, ते विचारलं नाही. तेच विचारायला हवं होतं का?

लेखावर इथे माझं कौतुक चाललं आहे आणि मला तोंड लपवावंसं वाटतं. संपादकांना मी नाव बदलायला सांगू शकते, पण छापील अंक तर गेले. एक मार्ग आहे. काकूंनी श्रम कार्यालयात उघडपणे तक्रार करावी. करिश्माच्या भरपाईचा अर्ज तिथेच पडला आहे, साक्षीदार नाही म्हणून. काकू बोलल्या तर दोघींचंही काम होईल. त्यांचं बोलणं माझ्याकडे रेकॉर्ड केलेलं आहे. मी स्वतः येऊन त्यांच्या बाजूला उभी राहीन.

काकूंना सांगशील का? मला त्यांच्याशी बोलायचं धाडस होत नाही.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी आचल

◆

अकोला
ता. २७ फेब्रुवारी

चि. आचलले आशीर्वाद, अन् जेवत जाजो. उपाशी राहून कोणाची नोकरी परत येत नाही.

चंदाले मीच इचारलं. मंग मनते, मावशी, गोकुळा मीच होय. बापानं ठेवलेलं नाव. लग्नात सासूनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं चंदा लिहिलं, अन् त्या दिवसापासून गोकुळा मनून हाक मारणारं कोणी राह्यलं नाही. माय गेली, बाप गेला. मनते, आचलनं इचारलं कोणतं नाव पाहिजे, तर मले दुसरं सुचलंच नाही. वाटलं, थे नाव आता कोणाच्याच कामाचं नाही, तर पडू दे त्या कागदात.

मी इतके वर्स तिच्या भिंतीले भिंत लावून राह्यली, मले ठाऊक नव्हतं. गल्लीत कोणालेच नव्हतं. पण थो खुशालराव पातूरकडचा, तिच्याच गावचा, तिच्याच वर्गात पाटी घेऊन बसणारा. त्याले ठाऊक होतं. वरून तिले मनते कसा, मी तुह्या माहेरचा मनून नुसतं काढून राह्यलो, दुसरा असता तर पोलिसात देल्ली असती. असे भाऊ असले तर दिवाळीले ओवाळाले डोळे मिटून बसा लागीन.

आता पुढचं आईक, अन् बूड टेकवून आईक.

चंदा बाकीच्या मिलमध्ये फिरून आली. एका ठिकाणी मनले जागा नाही, अन् तिच्यासमोरच दुसऱ्या बाईले आत घेतलं. मुकादमाइची आपसात बोलचाल असते, त्याइले तीन महिने थांबा लागत नाही. घरी नवरा दम्यानं खाटेवर. पोट्टीची बारावी. परवा खुशालराव कागद घेऊन घरी आला. त्यावर लिहून होतं की अमरावतीच्या शिकणाऱ्या मुलीले मी असं काही सांगतलं नाही, करिश्माले मी मिलमध्ये काम करताना पायलं नाही, मुलीनं आपल्या मनानं लिहिलं. सही केली की सोमवारपासून कामावर. 

चंदा कागद घेऊन माह्याकडे आली. तुही तक्रारीची गोष्ट मी तिले सांगतली, एक अक्षर न गाळता सांगतली. तिनं मले इचारलं, मावशी, मी काय करू?

मी मनलं, सही कर.

हे तुले दुसऱ्याकडून कळण्यापरीस माह्याच हातानं कळलेलं बरं, मनून लिहून राह्यली. तू तिच्या बाजूले उभी राहशील, मले शंका नाही. पण संध्याकाळच्या गाडीनं तू अमरावतीले जाशील. चंदा कुठं जाईन? श्रम कार्यालयात तारखा पडतीन, अन् प्रत्येक तारखेच्या दिवशी तिच्या घरी चूल पेटवा लागीन. थे रेकॉर्डिंग चुलीत घालता येत नाही.

करिश्माचं काय, असं तू इचारशील. मीही इचारलं सोताले. दोघी एका डोंगीत होत्या, एकीलेच काठावर आणता येत होतं. करिश्माचा हात तर गेलाच हाय, थो कोणत्याच कागदानं येत नाही. हे मी वाईट बोलली, मले समजते. तरी बोलली.

तुह्या नावाले बट्टा लागीन. लागू दे. तू शिकली हायेस, दुसरं लिहिशील.

माया आटली नाही. पण तुही आटली असन तर मी बोलणार नाही.
आजी

◆

अमरावती
ता. १५ मार्च

ती. आजीस नमस्कार.

या वेळी पाया पडायला हात पुढे होत नाही, म्हणून नुसता नमस्कार. राग धरू नकोस, मी धरला आहे तेवढा पुरे.

काकूंच्या सहीचा कागद मिलच्या वकिलानं संपादकांना इंग्रजी करून पाठवला. त्यांनी मला लिहिलं आहे की हे आरोप गंभीर आहेत, तुमच्याकडे पुरावा असेल तर द्या, नाहीतर लेख मागे घ्यावा लागेल. माझ्या मार्गदर्शक बाई म्हणतात, वेडेपणा करू नकोस, रेकॉर्डिंग पाठव, एक दिवसात प्रश्न मिटतो.

काल मी ते पुन्हा ऐकलं. काकू पट्ट्याचं सांगतात, जाळी कुणी काढायला लावली ते सांगतात, करिश्मा कशी ओरडली ते सांगतात. मध्येच तू भिंतीपलीकडून विचारतेस की चहात आलं टाकू का, आणि काकू हसतात. इतकं खरं आहे ते, आजी. पाठवलं तर मी खरी ठरते, आणि काकू त्यांच्याच आवाजात खोट्या ठरतात. मग खुशालराव त्यांना मिलमध्ये ठेवेल?

तू मला विचारलं नाहीस. एक फोन करायचा होतास, अर्धा ऐकू आला असता तरी. मी कदाचित तेच म्हटलं असतं. पण म्हणायला मिळालं असतं.

मी संपादकांना कळवलं की माझ्याकडे देण्यासारखा पुरावा नाही. पुढच्या अंकात चार ओळी येतील की हा लेख विश्वसनीय नसल्यानं मागे घेतला आहे. प्राध्यापकाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, तिचं आता काय होईल ते तुला सांगायची गरज नाही. मला त्याचं एवढं नाही वाटत. करिश्माच्या हाताबद्दल जगात एवढी एकच जागा होती जिथे खरं लिहिलेलं होतं. ती मीच पुसली.

करिश्माची तारीख कधी आहे, कळव. तिच्याबरोबर कोण जाणार आहे?

लोभ मागत नाही. असेल तर कळेलच.
आचल

◆

अकोला
ता. ९ एप्रिल

चि. आचलले आशीर्वाद. मागितले नाही तरी देल्ले.

करिश्माची तारीख काल झाली. तिच्यासंग मी गेली. तिच्या मायले कामावरून सुट्टी भेटत नव्हती, बाप नाही. चंदाले मी काय सल्ला देल्ला थे करिश्माले माहीत होतं, गल्लीत काही लपत नाही. तरी दारात येऊन मनली, आजी, चालता का? दुसरं कोणी येतच नव्हतं, मनून मी.

कार्यालयात पंखा होता पण साहेबाच्या बाजूनं. मिलची गाडी आमच्या आधी येऊन उभी. त्यात खुशालराव, वकील, अन् चंदा. चंदाले चांगली साडी नेसवून आणली होती. साहेबानं करिश्माले इचारलं, कामावर होती याचा काही पुरावा? पोट्टी मनली, हातच हाय. म्हणजे नाही हाय. साहेब चिडला. मंग चंदाले इचारलं, या मुलीले मिलमध्ये काम करताना पायलं का? मले तेवढ्या दुरून ऐकू आलं नाही, पण चंदाची मान डावीकडे गेली अन् उजवीकडे गेली थे दिसलं. साहेबानं लिहून घेतलं. अर्ज नामंजूर करून निकाली काढला.

मी तुले इचारलं नाही मनून तू रागावली. बरोबर हाय. पण आज चंदा पुन्हा तोच कागद घेऊन आली तर मी पुन्हा तेच सांगीन, तवा तुही माफी मागून मी तुले फसवत नाही. चंदाची चूल पेटते. पोट्टीनं बारावीचे पेपर देल्ले. खुशालराव चंदाले आता त्या पट्ट्यावरच उभी करते. हे सगळं माह्या हिशेबात मी धरलं होतं.

एक गोष्ट धरली नव्हती, थे सांगते अन् थांबते.

निकालाचा कागद भेटल्याची सही पाहिजे होती. करिश्मा आठवी शिकलेली, झोकदार सही करत होती, पण डाव्या हातानं तिले अजून जमत नाही. मनली, अंगठा घ्या. बाबूनं मान खाली ठेवूनच शाईची डबी सरकवली अन् मनला, बायांचा उजवा लागते.

पोट्टी उभीच. ओढणीतून रिकामी बाही लोंबत होती. मी तोंड उघडेपर्यंत चंदा तिकडून उठून आली. कोणाकडे पायलं नाही. तिनं करिश्माचा डावा हात धरला, अंगठा शाईत बुडवला, कागदावर दाबला. मंग आपल्याच नव्या साडीच्या पदरानं थो अंगठा पुसला, नीट, नखाच्या कडेपर्यंत. करिश्मानं पुसू देल्ला.

अन् चंदा जाऊन मिलच्या गाडीत बसली.

बाकी खुशाल. तुही माया ठेवाची का नाही, थे तुह्यावर.
आजी