चेहऱ्याला रंग नको

वाई, १२ फेब्रुवारी १९७६

सौ. गोदाताईस,

मी सिनेमात गेले आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस, त्याला बावीस वर्षं झाली. आता मला कुणी काम देत नाही. पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक मित्रांच्या मदतीने छोटासा सिनेमा करतोय, विस्मरणात गेलेल्या एका नटीचा. ती मीच करतेय. "बाई, चेहऱ्याला रंग नको," म्हणाला. मी दोन दिवस भांडले, मग तोंड धुऊन उभी राहिले.

काल घाटाजवळच्या एका घरात शूटिंग होतं. नटी बऱ्याच वर्षांनी बहिणीकडे जाते. बहीण ओळखत नाही, विचारते, "कोण पाहिजे?" मी म्हणायचं होतं, "मी रत्नप्रभा." पडद्यावर मी जन्मभर हेच नाव लावलं. पण तोंडून निघालं, "अगं, मी विनू." मी रडले नाही, बहिणीचं काम करणारी बाईच रडली.

"चुकलं, पुन्हा घेऊ," मी म्हटलं.

दिग्दर्शक म्हणाला, "नको. हेच ठेवू."

हे पत्र मी टाकणार नाही, ताई. उद्या शूटिंग संपतंय. परवा सकाळी सांगलीच्या एस.टी.त बसणार आहे. ओळखलं नाहीस तरी आत ये म्हण.

तुझीच,
विनोदिनी