ओवशाचं घर

१२ मे, सोमवार

लक्ष्मीच आली पहिली! धोंडू भाऊजी अजून खाली पिशव्यांशी झगडतायत, त्यांची नात जिन्यात धापा टाकतेय, आणि ही बया तीन माळे चढून दारात उभी. माझी धाकटी जाऊ. साठी उलटली तरी पाय बकरीचे. साडी तीच, मीच गेल्या शिमग्याला दिलेली, पदराला पिन लावून. शेजारची सीमा विचारते, कोण पाव्हण्या? मी म्हटलं, गावची माणसं आमची. जाऊ म्हणून नाही सांगितलं. पायाला ती माती!

पण आनंद झाला, खरंच. घर कसं भरलं. फणस आणलाय, तोही बरका. इथे बरका कोण खातो? तर सूनबाई सुचित्रा म्हणे, मी खाते. लोकांना बरं वाटेल तेच बोलायची खोड तिला.

चहा झाला नाही तोच बाहेर पडलं कशासाठी आलेत ते. गेल्या पावसात घरामागच्या डोंगराला भेग गेली. म्हशीचा पाय जाईल एवढी. साहेब लोक आले, बघून गेले, म्हणाले पावसाआधी वाडी खाली करा. सरकारी जागा मिळेल तेव्हा मिळेल. तोवर रस्त्याकडेला आमचा माळ आहे, तिथे पत्र्याच्या शेडी टाकून सगळी वाडी राहील म्हणतात. माळ थोरल्या घराचा. आधी ह्यांचा, ह्यांच्यामागे माझा. माझ्या शब्दाशिवाय तिथे एक मेख ठोकता येत नाही!

भाऊजी हात जोडूनच बसले होते. मी म्हटलं, आधी जेवा.

१३ मे

नात श्रेया, दहा वर्षांची. आई नाही, बाप बोटीवर. हीच दोघं सांभाळतात. पोरगी चपला उशाशी घेऊन झोपली! देव्हाऱ्याखाली! हे काय म्हटलं, तर म्हणे पावसात पळायला लागतं आजी, तेव्हा शोधत बसायला नको. इथे तिसऱ्या माळ्यावर कुठला डोंगर येतोय गं? हसून हसून माझं पोट दुखलं. चपला गॅलरीत ठेवायला लावल्या. सुचित्रा म्हणते पोरगी मग झोपलीच नाही. झोपेल. सवय नाही एवढंच.

१४ मे

लक्ष्मीला घेऊन मिरच्या दळायला गेले. मुद्दाम नेलं. गिरणीवाल्याला कळू दे आमची वर्षाची बेडगी केवढी असते ते. ठसका लागून ही रस्त्यात उभी राहिली, डोळे पुसत. मला वाटलं मिरचीचंच पाणी. तर म्हणते, "बाय, माळाचं काय ते नंतर बघा. पोरीला तेवढी ठेवा पावसापुरती."

मी म्हटलं जागा कुठे आहे? नातू निलेश आणि त्याची बायको भाविका पोटमाळ्यावर, आम्ही खाली. आणि पोरीची शाळा? तर सुचित्रा घरी म्हणते, मी माझ्याजवळ घेईन तिला, इथल्या शाळेत बसवू. हिला कोणी विचारलं? एकदा पोर ठेवून घेतली की कायमची गळ्यात पडते. शिवाय गौरीआधी गावचं घर सारवायचं, भांडी घासायची, ते कोण करणार, लक्ष्मी एकटी? तसं तोंडावर सांगितलं. लक्ष्मी गप्प बसली. तिला गप्प बसलेली बघायला मला आवडतं, काय लपवायचं.

१८ मे, रविवार

आज आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची सभा, खाली चाळीच्या हॉलात. गावातलं देऊळ असो की नळ, आमच्याकडे ठरतं ते लालबागलाच. गावची माणसं राहतात, आम्ही ठरवतो. शामराव अध्यक्ष. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, पंख्याखाली!

शामराव म्हणाले, थोरल्या घराचा शब्द काय तो सांगा. मी उभी राहिले. म्हटलं, यंदा गौर पूर्वा नक्षत्रावर आलीय. माझ्या निलेशचं लग्न माघात झालं. नव्या सुनेचा ओवसा यंदाच व्हायला हवा, पुढच्या वर्षी पूर्वा नाही. ओवशाची सुपं नव्या नवरीने भरायची ती मूळ घरातल्या गौरीपुढे. पत्र्याच्या शेडीत गौर आणू? भाविका शीवच्या कोळीवाड्यातली. तिच्याकडची माणसं अंगभर सोनं घालून बघायला येणार. त्यांना काय दाखवू, पत्रा? ह्यांनी मिलमध्ये डबल पाळ्या करून ते चिऱ्याचं घर बांधलंय. गौरी होऊ देत, मग माळ तुमचा.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच, प्रत्येकाला आपापल्या घरात गणपती हवाय. दहा दिवस जायचं आणि पत्र्याखाली कोण झोपणार?

भाऊजी उठले. म्हणाले, "वयनी, डोंगर पंचांग बघत न्हाय."

मी म्हटलं, "मग तुम्ही बघा. तुमच्याकडे वेळ आहे."

काय हसली माणसं! शामरावांच्या हातातला चहा सांडला. भाऊजी पण जरासे हसले. हसायलाच लागलं त्यांना. सुचित्रा उठून वर गेली. जेवायला वाढताना ताट आपटत होती. तिला डोंगर कळतो, माझं मन कळत नाही. या घरात सून म्हणून आले तेव्हा माझा ओवसा झालाच नाही. लागोपाठ पूर्वा हुकली, मग पोरं झाली. नातसुनेचं पहिलं सूप हातात पडलं की सगळं भरून निघेल.

१९ मे

गेली गावाला. परेलहून एसटी. भाऊजी म्हणाले, नारळी पौर्णिमेला मी स्वतः येतो, सुपं घेऊन, नातसुनेला मानाने घेऊन जातो. चांगला माणूस हो, मनात नाही ठेवत. बुरडाकडून नवीन विणून घ्या म्हटलं, जुनी चालणार नाहीत.

श्रेया सुचित्राला धरून उभी होती, सोडेना. मी हाताची बोटं एकेक सोडवली. नखं केवढी वाढलेली! कोणी कापत नाही वाटतं.

६ जून

दादरहून भाविकाची साडी. हिरवी, आंबा काठ. मोरपंखी मलाच आवडली होती, ती पण घेतली.

२७ जून, शुक्रवार

लक्ष्मीचा फोन. पाऊस थांबत नाही, भेगेतून गढूळ पाणी येतंय, म्हणून सगळी वाडी शाळेत येऊन राहिलीय. वर्गात एकेका कोपऱ्यात एकेक घर. मी विचारलं, आणि आपलं घर? म्हणे कुलूप लावलं.

कुलूप! गौर दोन महिन्यांवर आली आणि घराला कुलूप! देवाजवळ दिवा नाही! भाऊजींना फोनवर घेतलं आणि चांगली झाडली. म्हटलं, थोरल्यांनी घर बांधून दिलं, धाकट्याने नुसता दिवा लावायचा तर तेवढंही होत नाही? भिकारी बरा, त्याच्या झोपडीत दिवा असतो. मेलेल्या भावाची तरी लाज ठेवा. फोनमध्ये पावसाचा आवाज नुसता. मला वाटलं कट झाला. तर म्हणाले, बरं वयनी.

४ जुलै

भाऊजी घरी राहायला गेले! दिवा लागला. लक्ष्मीला शाळेत ताप भरलाय म्हणून ती तिथेच, आणि आजोबाला एकटं सोडवेना म्हणून श्रेया त्यांच्याबरोबर. पोरगी भात चांगला करते म्हणे. बघा, इथे ठेवून घेतली असती तर भाऊजींना भात कोणी घातला असता? सुचित्राला हेच सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. बघ बाई.

आज गोड केलं. तांदळाची खीर.

१५ जुलै, मंगळवार

भाविकाची आई गुणवंती आली होती. दादरला मासळी विकते, पण हातात पाटल्या बघा! पापलेट आणलं. मी तिला घराचे फोटो दाखवले, ओटी, पडवी, मागची चढण. ती म्हणते, मागचा डोंगर किती जवळ हो! मी म्हटलं म्हणून तर घर थंड असतं. ओवशाला तिच्याकडची गाडी भरून माणसं येणार. सगळ्यांना मोदक करायचे म्हणजे पायली तरी तांदूळ. भाऊजींना फोन लावला, पिठीचे तांदूळ धुऊन वाळवा म्हणून. म्हणाले, ऊन कुठेय वयनी. नेहमीचं रडगाणं! चुलीवर वाळवा म्हटलं.

मागून श्रेया ओरडली, सुचित्राकाकी आहे का? नाही म्हटलं. होती तशी, मोरीत.

२४ जुलै, गुरुवार

टीव्हीवर आपला जिल्हा लाल दाखवतात. भाऊजींचा फोन लागत नाही. भाविकाने आज मोरपंखी नेसून दाखवली, दृष्ट काढली मी.

२५ जुलै

शामराव आले आणि खुर्चीवर बसलेच नाहीत. दारातूनच म्हणाले, वाडीतली, शाळेत राहिलेली सगळी सुखरूप. घर एकच दरडीखाली सापडलं. म्हणजे नाही सापडलं.

मग लक्ष्मीचा फोन. रडली नाही. "बाय, मसणवटीचा रस्ता वाहून गेला. दोघांसाठी माळ द्याल का?"

घ्या म्हटलं.

सुतक आहे. यंदा गौर नाही.

भाऊजी नारळी पौर्णिमेला येतो म्हणाले होते. पौर्णिमा दोन आठवड्यांनी, शुक्रवारी येतेय.