चालू मशीन

३ फेब्रुवारी, सोमवार

जिन्याचा कठडा वळणावर सुटला. आमचा जिना बाहेरून आहे, लोखंडी. वर आईची खोली, खाली आम्ही दोघं. आई संध्याकाळी उतरत होती, कठड्याला हात घातला आणि जोडच निघाला. पडली नाही. पायरीवर बसली, आणि बराच वेळ बसूनच राहिली.

मी कठडा नायलॉनच्या दोरीने बांधून टाकला. हंगामी व्यवस्था. ही म्हणाली, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेटरला बोलवा, एक टाका मारून जाईल. म्हटलं, बघू. कंपनीच्या खरेदी विभागात केस पांढरे झालेत माझे. घाईत कुणाला काम देऊ नये एवढं कळतं.

४ फेब्रुवारी

फॅब्रिकेटरला बोलावणार नाही. त्याने बसवलेलं फाटक तिरकं आहे असं मी चारचौघांत म्हणालो होतो. त्यावर तो म्हणाला होता, फाटक सरळ आहे, साहेबांची मान तिरकी आहे. लोक हसले होते. ही जरा जास्त हसली होती.

ऑफिसात दुपारी कल्पना सुचली. स्वतःचं वेल्डिंग मशीन! एका टाक्यासाठी दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं? आईचा कठडा होईल, मग गल्लीतल्या खिडक्या, फाटकं, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड. रिटायर झाल्यावर जोडधंदा. ‘जोडधंदा’ या शब्दाचा खरा अर्थ आज कळला.

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली.

५ फेब्रुवारी

आई खाली उतरली नाही. रोज संध्याकाळी शिंप्याच्या दुकानासमोरच्या बाकावर तिची बैठक असते, ती आणि दोन मैत्रिणी. मी म्हटलं, मी धरतो, चल. म्हणाली, मला धरून उतरवू नका, मी काय कपाट आहे? कठडा झाला की माझी मी येईन. कधी होईल?

म्हटलं, रविवारपर्यंत.

९ फेब्रुवारी, रविवार

मशीन बघून आलो. एक सायलेन्सर दुरुस्त करणारा आपली शेड बंद करतोय, त्याच्याकडे आहे. मशीन भरदार. खाली दोन चाकं, पैकी एक फिरतं. कुठल्या कंपनीचं, विचारलं. म्हणाला, कंपनीचंच आहे. म्हटलं, कुठल्या? म्हणाला, आता ते स्टिकरवर बघा. स्टिकर अर्धा फाटलेला. नाव गेलंय, ‘सुपर’ तेवढं उरलंय.

मी हयगय केली नाही. सरळ विचारलं, मशीन कसं आहे? तो म्हणाला, खोटं कशाला बोलू साहेब, चालू मशीन आहे. मी म्हटलं, मला चालूच पाहिजे. तो जरा चमकला. म्हणाला, चालूच पाहिजे? म्हटलं, म्हणजे काय, शोभेला ठेवायचंय का? तो म्हणाला, साहेब, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय.

माणूस प्रामाणिक वाटला.

घेतलं नाही. तीन कोटेशन्स नाहीत, कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट नाही. अशी खरेदी मी आयुष्यात केलेली नाही. आईला सांगितलं, प्रक्रिया सुरू झाली आहे.

११ फेब्रुवारी

आतलं वाइंडिंग, म्हणजे तारेचं वेटोळं, तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हा कळीचा प्रश्न. तांबं असेल तर घ्यावं. ऑफिस सुटल्यावर फ्रिजवरचं चुंबक खिशात घालून शेडमध्ये गेलो. मागच्या जाळीतून आत हात घालून लावून पाहिलं. चिकटलं नाही! म्हणजे लोखंड नाही. म्हणजे तांबं.

घरी येऊन हिला सांगितलं. तिने तेच चुंबक घेऊन ॲल्युमिनियमच्या पातेल्याला लावलं. तेही चिकटलं नाही. ती पातेलं माझ्यासमोर ठेवून गेली.

१४ फेब्रुवारी

आईच्या मैत्रिणी खाली अंगणात उभ्या राहतात, आई वर गॅलरीत. सगळं बोलणं ओरडून. कुणाचे गुडघे, कुणाचं पोट साफ होत नाही, सगळ्या गल्लीला कळतं. आज एकीने खालून विचारलं, अगं, मुलगा कठडा का नाही करून घेत? आई वरून म्हणाली, तो मशीन घेतोय. ती म्हणाली, कसलं, जिना चढायचं? शिंपी सुई तोंडात धरून हसला.

नव्या, नावाजलेल्या कंपनीच्या मशीनचा भाव काढून आलो. पहिलं कोटेशन म्हणून फाइलला लावलं. दुकानातून लवकर निघालो.

१६ फेब्रुवारी, रविवार

कठडा व्हायचा रविवार आज नव्हता, मागचा होता. आईने आठवण करून दिली नाही. तिने काही म्हणायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

ही रोज दोन वेळा ताट घेऊन वर जाते. आज म्हणाली, फॅब्रिकेटरशी तुम्हाला बोलायचं नसेल तर मी बोलते. मी म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तत्त्वाला म्हणावं आजचं ताट तू घेऊन जा.

मीच घेऊन गेलो. वळणावर दोरी जरा सैल वाटली. घट्ट केली.

१९ फेब्रुवारी

तिसरं कोटेशन मिळत नाही. सायलेन्सरवाल्यालाच म्हटलं, दुसऱ्या नावाने एक चढा भाव लिहून दे. त्याने लिहून दिला. वर म्हणाला, साहेब, तुम्ही सरकारी आहात का? म्हटलं, नाही, काटेकोर आहे.

स्टेटमेंट तयार. तिन्हींत हेच मशीन सर्वांत स्वस्त. शेऱ्यात लिहिलं : ‘मशीन चालू स्थितीत. विक्रेत्याने स्वतःहून तशी कबुली दिली.’ सही केली. मंजुरी देणाराही मीच असल्याने पुन्हा सही केली.

२३ फेब्रुवारी, रविवार

घेतलं!

टेम्पोतून उतरवायला चार माणसं. घरात नेणं अशक्य, दारातून जात नाही. जिन्याच्या तोंडाशी ठेवलं, पहिल्या पायरीला लागून. कामाच्या जवळ बरं. जाताना टेम्पोवाला म्हणाला, आता इथून हलवायचं असलं तर मला बोलावू नका.

आईने गॅलरीतून पाहिलं. विचारलं, आज होईल का? म्हटलं, आज मशीनला जरा स्थिर होऊ दे.

२६ फेब्रुवारी

संध्याकाळी पहिल्यांदा सुरू केलं. घुमणारा आवाज आला, भारदस्त. मग रॉड कठड्याला टेकवला आणि घरातले दिवे गेले. शिंप्याचेही गेले. तो कुणाची तरी अर्धी शिवलेली पँट घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, साहेब, याचा एक पाय झालाय, दुसरा अंधारात शिवू का?

दोष मशीनचा नाही. आमची वायर बारीक आहे. इतकी वर्षं बारीक वायरीवर आपण कसे जगलो, हाच प्रश्न आहे.

वर आई अंधारात. ही मेणबत्ती घेऊन गेली.

१ मार्च, शनिवार

वायरमन येऊन जाड वायर टाकून गेला. दुपारी काम. काळ्या काचेतून काहीच दिसत नाही, म्हणून मुखवटा जरासा उचलून पाहिलं. क्षणभरच. रॉड चिकटून बसला, ओढून काढला, पुन्हा चिकटला. मशीनची कठड्यावर माया दिसते.

२ मार्च, रविवार

डोळ्यांत वाळू भरल्यासारखं. उघडत नाहीत. पाणी थांबत नाही. हे हिच्याकडून लिहून घेतोय. ती म्हणते, यापुढचं मी माझ्या मनाचं लिहीन. (त्यांनी फॅब्रिकेटरला बोलावलं असतं तर हे झालं नसतं.) ४ मार्चची भर : तिने काय लिहिलं ते आज वाचलं. खोडत नाही, रोजनिशी खरी असावी.

५ मार्च

ऑफिसात साहेबांनी लाल डोळे पाहून विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, आईचं जरा... ते म्हणाले, अरेरे, उद्या येऊ नका. मी खुलासा केला नाही. रजा मिळत असेल तर खुलासा कशाला?

हिने सांगितलं, आईच्या मैत्रिणी दोन-तीन दिवस आल्या नाहीत. ओरडून ओरडून एकीचा घसा बसलाय. आई आता गॅलरीतही येत नाही, आतच बसते. कसं बसते? विचारलं. ही म्हणाली, तुम्ही जाऊन बघा. मला मशीन पुसायचं होतं.

८ मार्च, शनिवार

जमलं! जमलंच!

सकाळपासून लागलो. तीन रॉड वाया, चौथ्याने धरलं. जोड जरा ओबडधोबड, पण घट्ट. कठडा दोन्ही हातांनी हलवला, हलला नाही. जळलेल्या जागेवर रंगही लावला. हिला हाक मारली. तिने लांबूनच मान डोलावली. पुष्कळ झालं.

मग वर हाक मारली. आई, ये!

आई तयार होऊन आली. धुतलेलं पातळ, केस विंचरलेले, हातात छोटी पिशवी, चपला घातलेल्या. शिंप्याने बाक पुसला. आई सावकाश वळणापर्यंत उतरली. कठड्यावर हात ठेवायच्या आधी तिने त्याला चपलेच्या टोकाने हळूच ठोकलं. टणकन आवाज आला नाही. जोड सुटला आणि कठडा अंगणाकडे कलला.

आई वळली, भिंतीला हात लावत वर गेली. मी मागे गेलो तेव्हा चपला काढून ठेवत होती, शेजारी शेजारी, नीट. म्हणाली, हात भाजले नाहीत ना तुझे?

९ मार्च, रविवार

सायलेन्सरवाल्याकडे गेलो. शेड रिकामी, तो शेवटचं सामान बांधत होता. मी आवाज चढवला. फसवणूक, विश्वासघात, ग्राहक मंच, सगळं काढलं. तो म्हणाला, साहेब, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चालू मशीन आहे. म्हटलं, मग चालत का नाही? म्हणाला, चालतंय की. चालू आहे म्हणजे चालूच आहे, चांगलं कुठे म्हणालो? चालू चप्पल, चालू कपडा म्हणतो ना आपण, तसं. मी तुम्हाला उलट विचारलंही, चालूच पाहिजे? तुम्ही म्हणालात, चालूच पाहिजे.

 त्याने चहा पाजला. चहा चांगला होता.

हिला सांगायला नको होतं. सांगितलं. ती खुर्चीत बसून हसली, हसता हसता डोळ्याला पदर लावला, आणि मग हसणं संपल्यावरही पदर तसाच राहिला.

१२ मार्च

नवी योजना. वाइंडिंग बदलून घेतलं तर मशीन नव्यासारखं होईल. दोन कारागिरांना विचारायचं. कोटेशन्स मागवायची. महिनाअखेर आईचा कठडा नक्की.

१६ मार्च, रविवार. दुपारी.

ताई आणि मेव्हणे आले. हिनेच फोन केला असावा. ताई वर गेली, बराच वेळ खाली आली नाही. आली ती आईची बॅग घेऊन. माझ्याशी बोलली नाही, मेव्हण्यांशी बोलली, मला ऐकू येईल असं. म्हणाली, आमचं घर तळमजल्यावर आहे, आमच्याकडे कठडाच नाही, त्यामुळे तुटतही नाही.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आईला खाली आणलं. पुढून मेव्हणे, मागून शिंपी. आईने डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, मी धरतो. ताई म्हणाली, तू आधी हे बाजूला कर. शेवटच्या पायरीशी मशीन होतं. मी ढकललं. एकच चाक फिरतं, ते गोल फिरलं आणि मशीन तिथेच राहिलं. मग खुर्ची त्याच्यावरून उचलून पलीकडे काढावी लागली. आईचा पाय मशीनला घासला. तिने डोळे उघडून मला पाहिलं आणि पातळ गुडघ्यावरून खाली ओढलं.

ऑटो वळेपर्यंत मी हात हलवत होतो. आईने मागे बघितलं असेल. मागची काच काळी होती.

१८ मार्च, मंगळवार

फॅब्रिकेटर येऊन गेला. हिने बोलावलं. मी आतच बसलो, वर्तमानपत्र वाचत. पहिलं पान संपायच्या आत काम झालं. जाताना माझ्याबद्दल काही बोलला नाही. बोलला असता तर उत्तर तयार होतं.

कठडा हलवून पाहिला. सगळा जिना हलेल, पण तो हलणार नाही.

आईला फोन केला. म्हटलं, झाला बघ, एकदम पक्का, रविवारी आणायला येतो. म्हणाली, इथे बरं आहे, दारातच खुर्ची टाकून बसते, दोघीजणी ओळखीच्याही झाल्या. मग म्हणाली, कठडा केलास ते बरं केलंस. वर जाताना धरून जात जा. तुझंही वय झालं आता.

संध्याकाळी वरच्या खिडक्या लावायला गेलो. धरून गेलो.